ट्रेंच बुजवण्याआधी, बिलावर सही करण्याआधी

प्रति,
सरकारी वीज कंपनीच्या मालकीचे सौर प्रकल्प सध्या जिथे उभे राहत आहेत तिथले साइट अभियंते;
आणि ज्यांच्या गायरानावर ते उभे राहत आहेत त्या ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य.

सप्रेम नमस्कार.

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा सौर प्रकल्प ही मुद्दाम बघायला जायची गोष्ट होती. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथून सुरुवात झाली, २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, आणि आता ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या जवळ चार-पाच एकर पडीक दिसली की तिथे पाइल (पॅनेलचा सांगाडा पेलणारे लोखंडी खांब) ठोकल्याचा आवाज येतो. यातले बरेच प्रकल्प खासगी विकासकांचे आहेत. तिथे बांधणाराच पुढची २५ वर्षे वीज विकणार असतो, त्यामुळे काम कच्चे राहिले तर पहिला फटका त्यालाच बसतो. हे पत्र त्यांच्यासाठी नाही. मालक वीज कंपनी आणि बांधणारा ठेकेदार, अशा प्रकल्पांसाठी आहे. तिथे ठेकेदार दोषदायित्वाची (निघालेला दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची) मुदत संपली की अनामत घेऊन मोकळा होतो आणि राहिलेला खर्च ग्राहकाच्या बिलात उतरतो. त्या ठेकेदाराच्या प्रत्येक रनिंग बिलावर आणि मोजमाप पुस्तिकेवर तुमची सही असते.

आम्ही उभारणी, टेस्टिंग आणि देखभाल या कामांत असलेले लोक. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जे दोष दुरुस्त करावे लागतात, त्यातले बहुतेक बांधकामाच्या वेळी डोळ्यांसमोर होते आणि मग मातीखाली, काँक्रीटखाली किंवा पॅनेलखाली गेले. म्हणून एकच विनंती आहे: जे झाकले जाणार आहे ते झाकण्याआधी स्वतः बघा, आणि जे बघितले नाही त्यावर सही करू नका. नेमके काय बघायचे ते पुढे लिहितो.

सुरुवात जमिनीपासून. मुरूम असेल तर फारशी अडचण येत नाही. रॅमिंग मशीनने पाइल सरळ जातो आणि धरून राहतो. अडचण दोन ठिकाणी आहे, खाली पाषाण लागला तर आणि वर काळी माती असेल तर.

पाषाण लागला की पाइल ठरलेल्या खोलीच्या दोन-तीन फूट आधीच थांबतो. अशा वेळी पाइल काढायचा, ड्रिलने भोक पाडायचे, पाइल परत बसवून काँक्रीट भरायचे, हे बरोबर काम. पण एका भोकाला वेळ लागतो, ड्रिलचे भाडे तासावर असते, म्हणून साइटवर सर्रास गॅस कटर येतो. वर राहिलेला जास्तीचा भाग कापला की सगळ्या पाइलांची डोकी एका ओळीत दिसतात आणि लांबून काम अगदी देखणे वाटते. हे पकडायला कुठलेही यंत्र लागत नाही. संध्याकाळी भंगाराचा ढीग बघा. त्यात दोन-तीन फुटांचे पाइलचे तुकडे सापडले, तर जितके तुकडे तितके पाइल जमिनीत कमी खोल गेलेले आहेत. शिवाय कापलेल्या टोकावर गॅल्व्हनायझिंग राहत नाही. त्यावर चंदेरी स्प्रे मारला की दिसायला तसेच दिसते, पण गरम जस्तात बुडवलेल्या थराची बरोबरी स्प्रे करत नाही. जाडी मोजायचे कोटिंग गेज खिशात मावते. टेंडरमध्ये ८० मायक्रॉन लिहिले असेल, तर गाडीतून माल उतरतानाच दर खेपेतले दहा-वीस नग मोजा. बसवून झाल्यावर मोजण्याला अर्थ नाही, कारण तेव्हा कोणी ते बदलत नाही.

काळ्या मातीचा प्रकार वेगळा. उन्हाळ्यात तिला हातभर रुंद नसल्या तरी हातभर खोल भेगा सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. ओलसुकीचा तो खेळ त्याहूनही खाली, मीटर-दीड मीटरपर्यंत चालतो. पावसाळ्यात हीच माती फुगते आणि पाइलला चारही बाजूंनी पकडून वर उचलते. दिवाळीनंतर ती आकसते, पण उचललेला पाइल पूर्ण खाली बसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत टेबलाचा (पॅनेलच्या सांगाड्याचा) एक पाय वर, दुसरा खाली अशी अवस्था होते, परलिन (पॅनेल ज्यावर बसते ती आडवी पट्टी) पिळली जाते आणि काचेवर ताण येतो. ठेकेदाराची पुल-आउट टेस्ट (पाइल वर ओढून तो किती हलतो ते बघणे) बहुधा मे महिन्यात झालेली असते, माती दगडासारखी असताना. त्या कागदावर सगळे पाइल पास असतात! टेस्टच्या जागी आदल्या दिवशी आळे करून पाणी मुरवा आणि मग जॅक लावा. डायल गेजवर किती मिलिमीटर हलला ते स्वतः वाचा. हाच पाइल ऑगस्टमध्ये उभा राहायचा आहे. उपाय म्हणून पाइल फुगणाऱ्या थराच्या खाली, मुरमात पुरेसा उतरला पाहिजे. नुसते वरच्या मीटरभरात काँक्रीट ओतून भागत नाही. उलट भोक वर रुंद आणि खाली निमुळते झाले असेल, तर त्या काँक्रीटच्या छत्रीला खालून धरून माती ते आणखी सहज उचलते. भोक भरण्याआधी त्यात टेप सोडा. तळाला सैल माती पडलेली असेल तर ती काढायला लावा. प्रत्येक ओळीतली दोन भोके अशी बघा, पण कुठली दोन ते ठेकेदाराला आधी सांगू नका.

आता पाण्याचे. गायरान म्हणजे गावाच्या उताराचा भाग, त्यातून एखादा ओहोळ जातोच. नकाशावर तो नसतो, कारण वर्षातले नऊ महिने तो कोरडा असतो. प्रकल्पाला कुंपणभिंत घालताना तो भिंतीखाली गाडला जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी एकतर भिंत पाडते नाहीतर शेजारच्या गटातल्या सोयाबीनमध्ये शिरते. लेव्हलिंग सुरू होण्याआधी गावातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन चाला आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते विचारा. टोटल स्टेशन या मोजणीयंत्राच्या सर्व्हेत न आलेली गोष्ट अर्ध्या तासात कळते. ओहोळाच्या जागी ह्यूम पाइप (सिमेंटचा मोठा पाइप) टाकला असेल तर त्याचा तळ बाहेरच्या नाल्याच्या तळाला जुळतो का ते बघा. पाइप अर्धा फूट वर बसला की आत तळे साठते, आणि त्या तळ्यात केबलचे लोंबणारे जोड (कनेक्टर) बुडतात.

ग्रामपंचायतीसाठी इथे एक गोष्ट. कुंपणामुळे वहिवाटीची गाडीवाट बंद होत असेल तर काम थांबवायला जाण्यापेक्षा, भिंतीचा पाया खणण्याआधी मोजणीच्या नकाशावर ती वाट दाखवून घ्या आणि कंपनीला लेखी कळवा. वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला गेल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण दाव्यासाठी मुदत सहा महिन्यांचीच असते, आणि भिंत उभी राहिल्यावर तारखा पडत जातात.

पॅनेल बसवण्याबद्दल थोडक्यात, कारण हे उघड्यावर असते आणि दिसते. एका मेगावॅटला (पॅनेलची क्षमता त्याहून तीस-चाळीस टक्के जास्तच ठेवतात), ५४५ वॉटची पॅनेल धरली तर अडीच हजारांच्या आसपास लागतात. एकेक जवळजवळ सव्वादोन मीटर लांब आणि तीस किलोच्या घरातले. ते दोघांनी, उभे धरून न्यायचे. डोक्यावर आडवे घेऊन एकट्याने नेले की मधोमध वाकते आणि आतल्या सेलला केसासारख्या चिरा जातात. काच शाबूत राहते, म्हणून कोणाला काही कळत नाही. बसवलेल्या पॅनेलवर पाय देऊन पुढचे बसवणारा मुलगा दिसला की त्याला तिथल्या तिथे खाली उतरवा. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचनेच घट्ट करायचे, पॅनेलच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, साधारण १६ ते २० न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गनने आवळलेल्या बोल्टखाली फ्रेम चेपते, आणि सैल राहिलेल्या बोल्टचे पॅनेल वळवाच्या वादळात सुटते. घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाची रेघ ओढायला लावा. रेघ नसेल त्याचे बिल नाही, एवढे सांगितले की रेंच आपोआप बाहेर येते.

यापुढचे मात्र नीट वाचा, कारण आमचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो: डीसी केबल आणि कनेक्टर.

२८ पॅनेलची एक स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेली माळ) धरली तर मेगावॅटमागे जवळपास ९० स्ट्रिंग होतात. प्रत्येक स्ट्रिंगची दोन टोके पॅनेलकडे आणि दोन इन्व्हर्टरकडे (डीसी विजेची एसी करणाऱ्या यंत्राकडे), असे चार कनेक्टर साइटवर हाताने क्रिम्प होतात, म्हणजे पिन केबलवर दाबून बसवली जाते. म्हणजे मेगावॅटमागे साडेतीनशेच्या वर जोड, सगळे उन्हात, घाईत, नगावर पैसे घेऊन केलेले. क्रिम्पिंग टूलच्या ऐवजी साधी पक्कड वापरली की पिन केबलला नुसती चिकटते. तो जोड पहिल्या दिवशी चालतो, टेस्टिंगमध्येही चालतो. भर दुपारी त्यातून बारा-तेरा अँपियर वाहू लागले की रोज थोडा तापतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी वितळलेला काळा गोळा हातात येतो. डीसीचा आर्क (ठिणगीचा झोत) एसीसारखा आपोआप विझत नाही, त्यामुळे खाली वाळके गवत असेल तर ते पेटते. काम चालू असताना क्रिम्प केलेल्या दहा पिना हातात घ्या आणि केबल जोराने ओढा. एकही निघाली तर त्या दिवशीचे सगळे काम उघडायला सांगा.

दुसरे, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून बसवू नका. पॅनेलवर एका कंपनीचा आलेला असतो, ठेकेदार बाजारातून दुसरा स्वस्त आणतो, खटकन आवाज येतो आणि सगळ्यांना वाटते बसला. आतल्या धातूचे माप आणि मुलामा वेगळा असतो; तोही तापतो, शिवाय बहुतेक उत्पादकांची वॉरंटी तिथेच संपते. तिसरे, मागचा नट. तो अर्धाच फिरवलेला असला की आतले रबर दाबले जात नाही आणि पाणी शिरते. याची खूण सांगून ठेवतो. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन लो’ दाखवून चालू होत नाही, दहा-साडेदहाला ऊन पडले की स्वतःहून चालू होतो. ऑपरेटर लॉगबुकात ‘फॉल्ट आपोआप गेला’ असे लिहितो. तो गेलेला नसतो, वाळलेला असतो. अशा प्रत्येक सकाळी त्या इन्व्हर्टरचे दोन-तीन तास वाया जातात, आणि कुठला कनेक्टर ते शोधायला दोन माणसांचा दिवस जातो.

केबल पॅनेलच्या फ्रेमला बांधायला काळा, उन्हात टिकणारा टाय वापरा. पांढरा स्वस्त टाय दोन उन्हाळ्यांत तुटतो, केबल जमिनीवर लोंबते, तिथे उंदीर, ब्रशकटर आणि साचलेले पाणी या तिघांच्या तावडीत सापडते. केबलची टोके जोडायच्या आधी आठवडाभर उघडी पडली असतील तर त्यात धूळ भरते, म्हणून टोप्या घालून ठेवायला लावा.

स्ट्रिंगमध्ये किती पॅनेल घ्यायची हा कागदावरचा प्रश्न वाटतो, पण साइटवर ‘उरलेली दोन इथेच लावून टाकू’ असे होते. ४९.५ व्होल्टची २८ पॅनेल म्हणजे १३८६ व्होल्ट. हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. थंडीत व्होल्टेज वाढते, दर अंशाला पाव टक्क्याहून थोडे जास्त. डिसेंबरच्या सकाळी पॅनेल १० अंशांवर असताना तीच स्ट्रिंग १४४० व्होल्टच्या पुढे जाते. इन्व्हर्टरची मर्यादा १५०० आहे, म्हणजे चालते. तिथे ३० पॅनेल लावली तर सूर्य उगवताना दीड हजाराची रेघ ओलांडली जाते. आणि हा प्रकल्प मे महिन्यात चार्ज केला (लाइनला जोडून चालू केला) तर सहा महिने कोणाला पत्ता लागत नाही.

चार्जिंगआधी प्रत्येक स्ट्रिंगचे व्होल्टेज मोजून रजिस्टरमध्ये लिहा; वेळ आणि पॅनेलचे तापमान शेजारी. शेजारच्या स्ट्रिंगपेक्षा एखादी ४५-५० व्होल्टनी कमी असेल तर एक पॅनेल जोडायचे राहिले आहे. सोळा-सतरा व्होल्टनी कमी असेल तर एखाद्या पॅनेलचा एक बायपास डायोड (पॅनेलच्या एक तृतीयांश भागाला वळसा देणारा) गेला आहे. सगळ्या स्ट्रिंगसमोर एकच आकडा लिहिलेले रजिस्टर बघितलेत तर समजा की ते ऑफिसात बसून भरले आहे.

ट्रेंच. ड्रॉइंगमध्ये ३३ केव्ही केबलला साधारण मीटरभर खोली, खाली-वर वाळू, वर विटा किंवा टाइल, त्यावर धोक्याची टेप. खडक लागला की खोली निम्मी होते, वाळूच्या जागी खणून निघालेले दगडगोटेच परत पडतात आणि वरून टेप टाकून फोटो काढला जातो. दगडाच्या धारेवर टेकलेली केबल वर ट्रॅक्टर गेला की दरवेळी थोडी कापली जाते. मोजपट्टी आत उभी धरून, मागे पाइलचा नंबर दिसेल असा फोटो दर पंचवीस मीटरला घ्या. रस्ता ओलांडताना पाइप हवाच. वर रूट मार्कर लावा, नाहीतर पुढच्या वर्षी पाइपलाइन खणायला आलेल्या जेसीबीला केबल सर्वांत आधी सापडते.

केबलच्या टोकाला टर्मिनेशन किट लावणारा जॉइंटर कोण आहे ते विचारा. ३३ केव्हीच्या केबलवरचा काळा सेमिकंडक्टर थर सोलताना आतल्या इन्सुलेशनवर ब्लेडची बारीक रेघ उठली, तरी पहिल्या पावसाळ्यापर्यंत ते टोक फुटू शकते. दमट हवेत, उघड्यावर, टॉर्च लावून हे काम होऊ देऊ नका. इन्व्हर्टरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतची केबल बहुधा अॅल्युमिनियमची असते आणि बसबार (वीज वाहणारी जाड पट्टी) तांब्याचा; तिथे बायमेटॅलिक लगच (दोन्ही धातूंचे जोडटोकच) हवा. साधा अॅल्युमिनियमचा लग तांब्यावर कसला तर ओलाव्यात तो जोड आतून खाल्ला जातो.

अर्थिंगचा रोध पावसाळ्यात मोजला की छान कमी येतो. मुरमाड जमिनीत तोच मे महिन्यात कितीतरी पटीने वाढतो. सही मे महिन्याच्या आकड्यावर करा, किंवा निदान त्यावेळी परत मोजण्याची अट हस्तांतरणाच्या कागदात घाला.

आता प्रकल्पाबाहेरचे, कारण उशीर तिथेच होतो. पॅनेल लागून, इन्व्हर्टर बसून, फोर पोल (लाइन सुरू होते तिथला चार खांबांचा सांगाडा) उभा राहून प्रकल्प महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि उपकेंद्रापर्यंतच्या लाइनचे चार पोल एका बांधावर अडलेले असतात. लाइनची आखणी आणि उभ्या पिकाच्या भरपाईची बोलणी पाइल ठोकण्याआधी सुरू करा. पेरणी झाल्यावर कोणीही पोल उभा करू देणार नाही आणि त्यात त्याची काही चूकही नाही. उपकेंद्रातली बे (लाइन जोडायची जागा) आणि ब्रेकर यांची मागणीही तेव्हाच द्या. विद्युत निरीक्षकांची परवानगी शेवटी लागते, पण त्यांना लागणारे टेस्ट रिपोर्ट आधीपासून जमवावे लागतात.

उपकेंद्रात आणखी एक गोष्ट तपासा. कृषीपंप चालू असतात तेव्हा प्रकल्पाची वीज तिथेच संपते. एक मेगावॅटवर पाच अश्वशक्तीचे दोनशेच्या आसपास पंप चालतात. पण पावसाळ्यात पंप बंद, मध्येच लख्ख ऊन पडले, की वीज उलटी ३३ केव्हीकडे वाहते. फीडरचे (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनचे) व्होल्टेज चढते, आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतात. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) कुठे ठेवायचा आणि रिले (बिघाड ओळखून लाइन तोडणारे उपकरण) उलट्या प्रवाहावर ट्रिप तर होणार नाही ना, हे चार्जिंगच्या आठवड्यात नव्हे, डिझाइनच्या वेळी ठरवा.

सरपंचांनी हे गावात आधीच सांगून ठेवावे: फीडर बंद पडला की प्रकल्पही बंद पडतो. ऊन कितीही असो, वर वीज नसताना इन्व्हर्टर लाइनमध्ये वीज सोडत नाही, कारण तिथे पोलवर लाइनमन चढलेला असू शकतो. ‘आपल्या गावात प्रकल्प, मग आपल्याकडे लोडशेडिंग कसे’ हा प्रश्न उद्घाटनानंतर दुसऱ्याच दिवशी येतो. फीडरच्या प्रत्येक तासाच्या बिघाडाने प्रकल्पाचेही उत्पन्न बुडते. मेगावॅटमागे रोजचे सुमारे साडेपाच हजार युनिट धरले तर दुपारच्या एका तासाची किंमत तुम्हीच काढा.

पाण्याचा हिशेबही आधीच मांडा. एका पॅनेलला दोन लिटर धरले तर एका धुण्याला मेगावॅटमागे पाच हजार लिटर, म्हणजे एक टँकर. पाच मेगावॅटचा प्रकल्प महिन्यातून दोनदा धुतला तर कोरड्या आठ महिन्यांत ऐंशी टँकर. हे पाणी गावाच्या पिण्याच्या विहिरीतून येणार का, हे करारात स्पष्ट हवे. बोअरचे पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात आणि ते मग पाण्याने निघत नाहीत. धुणे पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नये.

हस्तांतरणाच्या वेळी पुढचे कागद घ्या, झेरॉक्स नको, मूळ: नंबरवार खोली लिहिलेले पाइल रजिस्टर, ट्रेंचचे फोटो, स्ट्रिंग व्होल्टेजचे रजिस्टर, केबलचे मेगर (इन्सुलेशन तपासणीचे) रिपोर्ट, आणि फुटलेल्या पॅनेलचा सीरियल नंबरसह हिशेब. फुटलेली पॅनेल कुंपणाच्या कोपऱ्यात पुरून टाकू देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आलेली आहेत, म्हणून ती गोदामात वेगळी ठेवून द्या. थर्मल कॅमेऱ्याची तपासणी चांगल्या उन्हात, किमान ६०० वॉट प्रति चौरस मीटर असताना झाली आहे का तेही बघा. ढगाळ दिवशी सगळे जोड गारच दिसतात. आणि देखभालीला गावातली आयटीआय झालेली मुले घेणार असाल तर त्यांना चार्जिंगनंतर नको, ट्रेंच उघडे असतानाच कामावर घ्या. केबल कुठून गेली हे नकाशापेक्षा त्यांना नक्की ठाऊक असेल.

आपले,
सौर प्रकल्पांच्या उभारणीत व देखभालीत काम करणारे

ता. क. गवत वाढले की ब्रशकटर लावण्याआधी विचार करा. त्याने उडालेला एक खडा मागून लागला तरी दोन्ही बाजूंना काच असलेले पॅनेल फुटते. गावातल्या धनगरांशी बोलून मेंढ्या आत सोडता येतील, पॅनेलची खालची कड मेंढीच्या पाठीच्या वर असेल आणि केबल नीट बांधलेल्या असतील तर. शेळ्या मात्र नकोत. त्या पॅनेलवर चढतात.